जसा पडेल तसा

मॅटवर मारलेल्या फटक्यावर माझा विश्वास नाही. शहरातल्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, प्लॅस्टिकच्या हिरव्या गवताचा एक चौकोन असतो. त्यावर चेंडू ठेवायचा, समोर दीडशे यार्डांची पाटी दिसते आणि बरेचसे चेंडू तिच्या दिशेने जातात. माणूस खूश होऊन घरी जातो. पण त्यातल्या कितीतरी फटक्यांत क्लब, म्हणजे मारायची काठी, चेंडूच्या दोन बोटं मागे टेकलेला असतो आणि मॅटवरून घसरत पुढे आलेला असतो. मॅट चूक झाकते. जमीन झाकत नाही, आणि आमच्या देवगडकडचा कातळ तर मुळीच नाही.

मी बोटीवर इंजिनिअर होतो. कोकणात बोटीवरचा माणूस ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, पण गावात गोल्फ घेऊन आलो तो मी एकटाच. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर बोट लागली की माल उतरेपर्यंत मोकळा वेळ मिळायचा. तिकडे गोल्फ हा साहेबलोकांपुरता खेळ नाही. गोदीतला कामगार संध्याकाळी पाच-सहा क्लबांची पिशवी खांद्याला अडकवून गावच्या कोर्सवर जातो, अंधार पडेपर्यंत खेळतो आणि शिव्या देत घरी येतो. तिथे भाड्याने क्लब मिळायचे. पकड कशी धरायची, हे मला एका निवृत्त फोरमनने त्याच्या थंडगार बोटांनी माझी बोटं वाकवून शिकवलं.

मला खेळापेक्षा आधी ती जमीन आवडली. वाळूच्या टेकड्या, त्यांवर आखूड राठ गवत, एका अंगाला समुद्र आणि सपाट म्हणावी अशी जागा शोधूनही सापडू नये. गोल्फ जन्मला तो या किनारपट्टीच्या जमिनीवर, ज्या जमिनीत धड शेती होत नव्हती आणि मेंढ्यांशिवाय कुणाला तिचा उपयोग नव्हता. कोर्स आखायला म्हणून कुणी ती सपाट केली नाही. उंचवटे होते तिथे उंचवटे राहिले, खड्डे होते तिथे खड्डे राहिले. आज जगभर जे सपाट, गालिचा अंथरल्यासारखे कोर्स दिसतात ते फार नंतरचे लाड आहेत.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा क्लब बरोबर होते आणि आसपास कोर्स नव्हता. खेळायचं असेल तर मुंबईकडे जाणं आलं. खारघरच्या डोंगरांमधल्या दरीत सिडकोचा सार्वजनिक कोर्स आहे, मुलाकडे गेलो की तिथे खेळतो. एरवी गावात सराव. पावसाळ्यात काहीच नाही, भात कापून झालं की मळा, थंडीत सडा, म्हणजे उघडा कातळमाळ, उन्हाळ्यात ओहोटीची पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. बायको म्हणते, "अहो, गुरं तरी एका जागी चरतात."

सड्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे थापा चालत नाहीत. जांभ्याचा कातळ उघडा पडलेला असतो आणि त्याच्या खळग्यांत कुठे वीतभर, कुठे चार बोटं माती साठलेली असते. पावसानंतर तिथे गवत माजतं, डिसेंबरात पिवळं पडतं, कापून नेलं की खाली उरते टणक, खरखरीत जमीन. मातीच्या या पट्ट्यांवर मी चेंडू ठेवतो. कातळावर थेट कधीच नाही, क्लब जाईल आणि मनगटही जाईल. तरी चार बोटं मातीखाली दगड आहे हे हातांना कळतंच, आणि हात आपोआप शहाणे होतात.

अशा जमिनीवर नवखा माणूस हमखास सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायचा तिरक्या तोंडाचा क्लब, काढतो. चेंडू उंच उडवायचा असतो ना! पण सँड वेजच्या तळाला फुगवटा असतो, त्याला बाऊन्स म्हणतात. क्लब जमिनीला टेकला की हा फुगवटा आधी लागतो आणि पुढची धार जमिनीपासून किंचित वर राहते. हा बाऊन्स अंशांत मोजतात. चार ते सहा अंश म्हणजे कमी, दहाच्या वर म्हणजे भरपूर. भुसभुशीत वाळूत हा फुगवटा क्लबला रुतू देत नाही, म्हणून तो देवाचा प्रसाद. टणक जमिनीवर मात्र तोच क्लबला उसळवतो, धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू घोट्याच्या उंचीने सुसाट पलीकडच्या गडग्यावर जाऊन आपटतो.

म्हणून कातळावरचा उपाय फार साधा आहे आणि म्हणूनच कुणाला पटत नाही. चेंडू उभं राहण्याच्या जागेत किंचित मागे, उजव्या पायाच्या बाजूला. हात चेंडूच्या थोडे पुढे. वजन पुढच्या पायावर, आणि ते तिथून हलवायचं नाही. पूर्ण स्विंगचा मोह सोडून पाऊण स्विंग. क्लबने आधी चेंडूला भेटायचं, मग जमिनीला. वेजऐवजी आठ किंवा नऊ नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब (नंबर वाढला की तोंड अधिक तिरकं आणि पल्ला कमी), घेऊन चेंडू बुटका उडवायचा आणि उरलेलं अंतर पळू द्यायचा. स्कॉटलंडमध्ये तर ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, बाहेर वीस-वीस यार्डांवरून पटर, म्हणजे चेंडू नुसता घरंगळवायचा क्लब, काढणारी माणसं मी पाहिली आहेत. दिसायला ते अगदीच गावंढळ दिसतं. त्यांना दिसण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

उताराचं प्रकरण मात्र इतक्यात आटपणारं नाही.

सडा संपून गावाकडे उतरू लागलं की वरकस जमीन लागते. पूर्वी तिथे नाचणी, वरी करायचे, आता बहुतेक ठिकाणी कलमं लागली आहेत. अजून कलमं न लागलेला एक तुकडा आमच्या चुलत घराच्या वाट्यात आहे आणि तो माझी शाळा आहे. त्या तुकड्यावर चारही प्रकार मिळतात. चढावर तोंड करून उभं राहता येतं, उताराकडे तोंड करून राहता येतं, चेंडू पायांपेक्षा वर ठेवता येतो आणि पायांपेक्षा खालीही. माणूस फक्त वळतो, जमीन तीच.

चेंडू पायांपेक्षा वर असला की तो डावीकडे जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल बोलतोय; डावखुऱ्याने सगळं उलटं वाचावं. कारण असं की क्लब आडवा होतो, स्विंग कमरेभोवती फिरू लागतो आणि क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, सरळ ठेवला असं आपल्याला वाटत असलं तरी त्याचा कल डावीकडे होतो. गंमत अशी की क्लबचं तोंड जितकं तिरकं, म्हणजे ज्याचा लॉफ्ट जास्त, तितका चेंडू अधिक डावीकडे. लांब पल्ल्याच्या, कमी लॉफ्टच्या क्लबला ह्या कलाचा फारसा फरक पडत नाही, पण वेज घेतला तर चेंडू थेट शेजाऱ्याच्या कलमांत. म्हणून "उजवीकडे नेम धरा" हा जो सरसकट सल्ला मिळतो तो मला अर्धवट वाटतो. किती उजवीकडे, हे हातात कुठला क्लब आहे त्यावर ठरतं. आणि त्याआधी एक गोष्ट करायची असते: क्लब दोन-तीन बोटं खाली पकडायचा. चेंडू तुमच्या जवळ आला आहे, मग दांडा पूर्वीइतकाच लांब का? लोक नेम बदलतात आणि पकड तशीच ठेवतात, मग चेंडूच्या मागची माती उडते.

चेंडू पायांपेक्षा खाली असला की उजवीकडे जातो. इथे शरीर वाकवावं लागतं, आणि वाकायचं ते पाठीतून नाही, कमरेतून. गुडघे जरा जास्त मोडून. पाय थोडे फाकवून, वजन टाचांकडे. फटका मारताना उंची राखायची. चेंडू कुठे गेला ते बघायला मान वर केली की अख्खं शरीर चार बोटं वर येतं आणि क्लब चेंडूच्या डोक्याला चाटून जातो. हा फटका मला सगळ्यात जास्त दमवतो, कारण मांड्यांवर येतो. लावणीच्या दिवसांत चिखलात कंबर मोडून उभ्या राहणाऱ्या बायकांनी जर कधी गोल्फ खेळायचं ठरवलं तर या एका लायवर त्या कुणालाही हरवतील असं माझं ठाम मत आहे. लाय म्हणजे चेंडू ज्या जागी, ज्या अवस्थेत पडला ती जागा. मुलंही आता हाच शब्द वापरतात, "काकानू, लाय बेकार आसा."

चढ तसा दयाळू आहे. चढावर उभं राहून वरच्या दिशेने मारायचं असेल तर खांदे उताराला समांतर करायचे, म्हणजे डावा खांदा वर, उजवा खाली. वजन मागच्या पायावर जातं, जाऊ द्यायचं. चेंडू किंचित पुढे. आता हिशेब असा की जमीन जितके अंश चढते तितके अंश क्लबचा लॉफ्ट वाढतो. दोन शेजारच्या आयर्नमध्ये साधारण तीन ते पाच अंशांचा फरक असतो. म्हणजे चार अंशांचा चढ असेल तर हातात सात नंबर आहे पण चेंडू आठ नंबरचा उडणार, उंच आणि तोकडा. म्हणून एक क्लब जास्त घ्यायचा, म्हणजे साताऐवजी सहा. चढ मोठा असेल तर दोन. शिवाय वजन मागे अडकल्यामुळे शरीर नीट वळत नाही, हात पुढे निघून जातात आणि चेंडू थोडा डावीकडे वळतो. तेवढं गृहीत धरलं की झालं.

उतार वेगळा. उतारावर उभं राहून खालच्या दिशेने मारणं हे माझ्या मते या खेळातलं सगळ्यात कठीण काम आहे, वाळूच्या खड्ड्यापेक्षाही. इथे जमीन लॉफ्ट काढून घेते. नऊ नंबर घेतला तर आठासारखा निघतो, बुटका, आणि पडल्यावर पळत सुटतो. हे डोक्याला कळतं. पण खाली समोर व्हाळ, म्हणजे ओढा, दिसत असतो, व्हाळापलीकडे जायचं असतं, आणि प्रत्येक स्नायू सांगत असतो की चेंडू उचल. उचलायला गेलं की वजन मागे जातं, क्लब चेंडूच्या मागच्या चढत्या जमिनीवर आपटतो आणि चेंडू जागचा हलतो न हलतो. करायचं असतं ते नेमकं उलट. पुढचा खांदा खाली, उताराला समांतर. वजन पुढच्या पायावर. चेंडू मागच्या पायाकडे. जास्त लॉफ्टचा क्लब. आणि फटका मारल्यावर क्लबचं तोंड उताराच्या मागोमाग खाली जाऊ द्यायचं, जणू काही चेंडूचा पाठलाग करायचाय. कधी कधी फटका मारल्यावर मागचा पाय आपोआप पुढे येतो आणि माणूस उतारावरून एक पाऊल चालतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. चांगले चांगले खेळाडू चालतात.

इथे एक माझं निरीक्षण. रेंजवर शिकलेली माणसं उतारावर आली की आधी हातांचा विचार करतात. इथल्या पोरांना मी क्लब दिला तेव्हा त्यांनी आधी पाय हलवले. चपला काढल्या, दोन-तीनदा चवडे दाबून बघितले, एक पाय वीतभर सरकवला आणि मग चेंडूकडे पाहिलं. पाखाडीवरून शाळेत जाणाऱ्या, मेरेवरून धावणाऱ्या पोरांना कुणी हे शिकवलेलं नाही. उतार किती आहे, हे डोळ्यांना नीट दिसत नाही. विशेषतः समोर समुद्र असेल तर क्षितिजाच्या रेघेमुळे आजूबाजूचा उतार फसवा दिसतो. तळव्यांना तो बरोबर कळतो. सरावाचा एक स्विंग चेंडूशेजारी, तशाच उतारावर करायचा आणि क्लब कुठे टेकतो ते पाहायचं. चेंडू तिथे ठेवायचा. अर्थात चेंडू हलवता येत नाही, आपण हलायचं.

आता पुळण.

आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला दोन वेगळ्या वाळू असतात. पाणी नुकतंच ओसरलेली ओली, घट्ट, जिच्यावर पावलांचे ठसे जेमतेम उमटतात. आणि वरची, भरतीच्या रेषेपलीकडची कोरडी, पिठूळ, सुरूच्या बनापर्यंत गेलेली. दोन्हीसाठी एकच क्लब वापरणारा माणूस दोन्हीकडे फसतो. ओल्या वाळूत सँड वेजचा फुगवटा पुन्हा कातळासारखाच उसळतो, म्हणून तिथे कमी बाऊन्सचा वेज किंवा सरळ पिचिंग वेज, चेंडू स्वच्छ उचलायचा. कोरड्या वाळूत नेम चेंडूवर नसतोच. चेंडूच्या दोन-तीन बोटं मागे वाळूत क्लब घालायचा, चेहरा उघडा, म्हणजे आकाशाकडे वळवून, ठेवून, आणि क्लब थांबू द्यायचा नाही. चेंडूला क्लब लागत नाही. वाळूची एक पातळ चकती उडते आणि तिच्यावर बसून चेंडू बाहेर येतो. चेंडू वाळूत अर्धा रुतला असेल तर मात्र चेहरा बंद करायचा, म्हणजे धार खोदत जाईल. बाहेर आलेला चेंडू मग फिरक न घेता लांब पळतो, त्याला इलाज नाही.

तळाला फुगवटा असलेला आजचा सँड वेज जीन सॅराझेन या अमेरिकन खेळाडूने रूढ केला. त्याने आपल्या निब्लिकच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तिरक्या तोंडाच्या आयर्नच्या, तळाला शिशाचा झाळ देऊन तो जाड केला आणि 1932 ची ब्रिटिश ओपन स्पर्धा इंग्लंडमधल्या प्रिन्सेस कोर्सवर जिंकली. मला इंजिनिअर म्हणून ही गोष्ट फार आवडते. बाकीचे लोक वाळूत स्विंग सुधारत बसले होते, या गृहस्थाने कामाला बसेल असं हत्यार बनवलं.

पण पुळणीवरचा खरा उस्ताद सेव्ह बॅलेस्टेरॉस. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर पेद्रेन्या नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. कोर्सवर कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहायचं, काम करायचा. पोरांना कोर्सवर मनसोक्त खेळू देत नसत, म्हणून तो समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा, हातात एकच क्लब, तीन नंबरचं आयर्न. तीन नंबर म्हणजे लांब पल्ल्याचा, जवळजवळ सपाट चेहऱ्याचा क्लब. त्याने चेंडू उंच उडवायचा तर चेहरा उघडावा लागतो, वाळूतून काढायचा तर मनगट वेगळं लागतं, वाऱ्याखालून घालायचा तर वेगळं. एका क्लबातून त्याने सगळे फटके काढले. पुढे 1979, 1984 आणि 1988 अशा तीन ब्रिटिश ओपन आणि 1980 व 1983 ची अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा जिंकला. 1979 ला तर सोळाव्या होलवर त्याचा चेंडू गाड्या उभ्या केलेल्या जागेत गेला होता आणि तिथून सुटून त्याने त्या होलवर बर्डी घेतली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी. त्याचे टी-वरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेले फटके कुठेही जायचे, सगळे म्हणायचे. मला वाटतं, ज्याला कुठूनही मारता येतं त्याला कुठेही जाण्याची भीती कमी वाटत असावी.

पुळणीवर मी मोठे फटके मारत नाही. सकाळी रापण ओढणारी माणसं असतात, ती त्यांची जागा. समुद्राच्या दिशेने कधीच नाही. हरवलेला चेंडू पाण्यात वर्षानुवर्षं झिजत राहतो. किनाऱ्याला समांतर, तीस-चाळीस यार्ड, आणि मोजून सगळे परत पिशवीत. शिवाय थंडीत नोव्हेंबरपासून पुढे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात ती नेमकी भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत. तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर घरट्यांना जाळी लावून राखण करतात. त्या महिन्यांत वरच्या वाळूत क्लब घालणं म्हणजे कुणाच्या तरी घरात फावडं घालण्यासारखं. म्हणून माझा कोरड्या वाळूचा सराव कासवांची पिल्लं समुद्रात गेल्यानंतर, ऐन उन्हात. टाळू तापते.

सुरूच्या बनातल्या लायला मात्र हे बंधन नाही. खाली वाळलेल्या सुयांचा जाड थर असतो, चेंडू त्यावर अधांतरी बसतो आणि पाय घसरतात. इथे क्लब चेंडूमागे टेकवायचाच नाही, कारण एक सुई हलली की चेंडू हलतो, आणि चेंडू तुमच्यामुळे हलला की एका फटक्याचा दंड. क्लब हवेत धरून, खालचं शरीर शक्य तितकं शांत ठेवून, चेंडू वरच्यावर उचलायचा. 2010 च्या मास्टर्समध्ये फिल मिकेलसन या अमेरिकन खेळाडूने तेराव्या होलवर पाइनच्या सुयांवरून, दोन झाडांच्या फटीतून सहा नंबरचं आयर्न मारून चेंडू पाण्यापलीकडे ग्रीनवर पाडला होता. तो फटका जगाने पाहिला. त्यानंतर आलेला छोटा पट, म्हणजे ग्रीनवरून होलात घालायचा टोला, त्याने चुकवला, हे कुणी फारसं सांगत नाही.

मळ्यात भाताची धसकटं असतात. ती क्लबच्या मानेला पकडतात आणि चेहरा बंद करतात, म्हणून पकड जरा घट्ट आणि क्लब वरून खाली, तिरका. चेंडू आणि क्लबमध्ये काडी अडकली तर चेंडूला फिरक मिळत नाही, तो अंदाजापेक्षा लांब जातो. इतकंच. मळ्याबद्दल सांगायची खरी गोष्ट दुसरीच आहे, तिच्याकडे येतो.

त्याआधी वारा. किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, मग थोडा वेळ पान हलत नाही, आणि ऊन चढलं की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत. सड्यावर हा वारा किती असतो ते देवगडच्या पवनचक्क्या बघून कळेल. एकाच उतारावर, एकाच क्लबने, सकाळी आणि दुपारी दोन वेगळे फटके लागतात. खाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध जोर लावला की फिरक वाढते, चेंडू फुगून वर जातो आणि जागीच पडतो. म्हणून एक-दोन क्लब जास्त आणि स्विंग निम्मा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि वारा अंगावर आला की सगळे जोरच लावतात.

मधे गावात कुणीतरी बोललं की सड्यावर गोल्फ कोर्स झाला तर पर्यटक येतील, तुम्ही पुढाकार घ्या. मी नाही म्हटलं, आणि लोकांना आश्चर्य वाटलं. पण मला खेळ आवडतो म्हणून सडा उखडावा असं थोडंच आहे? कातळावर हिरवळ टिकवायची म्हणजे ट्रकांनी माती आणणं, आठ महिने पाणी घालणं आणि खत मारणं. पाणी कुठून आणणार? मे महिन्यात आमच्या विहिरींचा तळ दिसतो. आणि सडा रिकामा दिसतो तो फक्त उन्हाळ्यात. भाद्रपदात जाऊन बघा, मातीच्या त्याच चार बोटांत सीतेची आसवं आणि गेंद फुललेले असतात, कातळातल्या डबक्यांत बेडकांची पोरं असतात. शिवाय कातळशिल्पं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीचा सडा, राजापूरकडचं बारसू, देवाचं गोठणं, रत्नागिरीजवळचं उक्षी, जांभरुण, अशी स्थळं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जमिनीवर कोरलेल्या हत्ती-माशांवरून बग्गी चालवणारा खेळ मला नको. मला पाच आयर्न आणि चार बोटं माती पुरे.

आणि मुलांना तेवढीही लागत नाही. ही मळ्याची गोष्ट. कापणीनंतर वाडीतल्या पोरांनी स्वतःचाच कोर्स केला. कुणग्यागणिक, म्हणजे भाताच्या एकेका तुकड्यात, एक होल, होल म्हणजे विटी-दांडूची गल जरा रुंद केलेली. माझे दोन जुने क्लब आणि बाकीच्यांना बांबूची मुळाकडची वाकडी काठी. नियम मी सांगायच्या आत त्यांना अर्धे ठाऊक होते, कारण गोल्फचा मूळ नियम आणि विटीचा नियम एकच: पडली तिथून टोला. विटी खळग्यात पडो, काट्यात पडो, ती सोयीच्या जागी आणून कुणी उडवत नाही. आणलीच तर मारामारी.

गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम 1744 चे, एडिंबराजवळच्या लीथचे. तेरा नियम, सगळे मिळून एका कागदावर मावतील. त्यात चेंडूसमोरचे दगड आणि हाडं बाजूला करायची की नाही याचं कलम आहे, म्हणजे त्या मैदानात हाडं पडलेली असत. आणि चेंडू पाण्यात किंवा पाणीदार घाणीत पडला तर काय करायचं, याचंही कलम आहे: उचलून मागे ठेवा, पण प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्या. मी लीथला गेलो होतो तेव्हा तिथे गोल्फ नव्हता, ती आता एक बाग आहे, कुत्री फिरवतात.

आमच्या मळ्यातला वाद या शेवटच्या कलमावरून झाला. कापणीनंतर मळ्यात गुरं सोडतात. सगळ्यांत धाकट्या खेळाडूचा चेंडू चांगला मेरेवरून उडाला आणि टप्पा न घेता ताज्या शेणात बसला. बाकीच्यांनी लीथच्या नियमाने दंड मागितला; मीच त्यांना तो नियम मागे कौतुकाने सांगितला होता. धाकट्याला मान्य नव्हतं.

"शेण म्हशीन घातल्यान, दंड माका कित्याक?"

मी त्यांना आजचा नियम सांगितला. जनावराचं शेण ही सुटी नैसर्गिक वस्तू धरतात, काडी-पानासारखी. ती बाजूला करायला दंड नाही. मात्र ती काढताना चेंडू हलला तर एक फटका दंड, आणि चेंडू परत होता तिथे ठेवायचा.

"म्हणजे शेण काढूचा, पण बॉल हलता नये?"

"होय."

तो खाली बसला, चेंडूकडे बराच वेळ सगळ्या बाजूंनी बघितलं, मग बांबूची काठी उचलली आणि म्हणाला, "काकानू, तुमी सगळे जरा लांब व्हा."